बॉनेट उघडेना! जुन्या व्हॅनच्या तुटलेल्या केबलची दुरुस्ती



वाहनांच्या देखभालीबद्दल आम्ही या पत्रिकेतून अधूनमधून लिहीत असतो. ट्रॅक्टरचा क्लच झाला, ट्रॉलीचा हूक झाला, टायरची हवा झाली. या खेपेचा विषय तसा बारका आहे. इतका बारका की आम्हीच त्याकडे कानाडोळा केला होता.

मागच्या गाळप हंगामातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. ऊसतोड टोळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून आपल्या एका सभासदाची जुनी डिझेल व्हॅन तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाली. अर्ध्या वाटेत गाडीचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन बॉनेटचे हँडल ओढले, तर हँडल वायरीच्या तुकड्यासकट हातात आले. गाडीत पाण्याचा कॅन होता, पाने होते, क्लिप आवळायला स्क्रू ड्रायव्हर होता. सगळे होते, पण बॉनेट उघडेना. मुकादमाने पहार घालून पाहिली. पत्रा वाकला, बॉनेट जागचे हलले नाही. यात पाऊण तास गेला. शेवटी कारखान्यावर ऊस खाली करून परत निघालेला एक ट्रॅक्टर आला आणि रिकाम्या ट्रॉलीत पाचट अंथरून त्या बाईला पुढे नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून हे लिहायला हात उचलतो आहे.

दुसऱ्या दिवशी व्हॅन ओढून आमच्या वाहन विभागात आणली. रेडिएटरच्या रबरी नळीची क्लिप सैल झाली होती. काम दहा मिनिटांचे. मग रजिस्टर चाळले, तर दोन महिन्यांपूर्वी हीच गाडी ऑइल बदलायला आमच्याकडे येऊन गेल्याचे दिसले, आणि शेऱ्याच्या रकान्यात आमच्याच माणसाच्या हातचे दोन शब्द होते : ‘बॉनेट जड’. त्या दिवशी हिसका मारून बॉनेट उघडले होते, ऑइल बदलले होते आणि गाडी सोडून दिली होती. नोंद झाली, काम झाले नाही. तेव्हा हा पाठ जितका सभासदांसाठी आहे, तितकाच आमच्यासाठीही आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की सगळ्याच गाड्यांना ही भानगड नसते. जुन्या जीपला बॉनेटच्या दोन्ही बाजूंना बाहेरूनच खटके असतात, ते हाताने सोडवायचे. मारुतीच्या ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे सीट उचलली की काम झाले. ज्या गाड्यांना पुढे नाक आहे आणि बॉनेट आतल्या हँडलने उघडते, मग ती व्हॅन असो, प्रवासी जीपगाडी असो की मोटारगाडी, त्यांच्यासाठी पुढची माहिती आहे. मांडणीत थोडाफार फरक असतो, पण तत्त्व एकच.

सायकलची ब्रेक वायर सर्वांनी पाहिली आहे. वर सर्पिल तारेचा, प्लॅस्टिक चढवलेला पोकळ आउटर आणि आत बारीक तारांचा पीळ असलेली वायर. आउटरची दोन्ही टोके पक्की धरून ठेवलेली असतात, म्हणून आतली वायर ओढली की ओढ थेट दुसऱ्या टोकाला पोचते, मध्ये कितीही वळणे असोत. इंग्लंडमध्ये बॉडेन या गृहस्थाने १८९६ च्या सुमारास याचे पेटंट घेतले, म्हणून हिला बॉडेन केबल म्हणतात. बॉनेटची केबल हीच. एक टोक डॅशबोर्डखाली हँडलला, दुसरे रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर बसवलेल्या लॉकला. वायरीच्या टोकांना धातूची छोटी गोळी असते, ती खाचेत अडकते.

लॉकमध्ये एक जिभली असते. बॉनेटच्या खालची खुंटी तिच्यात अडकते आणि स्प्रिंग त्या जिभलीला सतत बंद बाजूला दाबून धरते. वायर ओढली तरच जिभली मागे सरकते. म्हणजे वायर तुटली तर लॉक बंदच राहणार, आणि ते तसेच असायला हवे. वायर तुटल्यावर लॉक उघडे पडले असते तर धावत्या गाडीचे बॉनेट उडून काचेवर आले असते. या लॉकशिवाय एक दुसरा हूक असतो, त्याला सेफ्टी कॅच म्हणतात. हँडल ओढल्यावर बॉनेट बोटभर वर येते आणि फटीत बोटे घालून जो खटका दाबावा लागतो, तो हाच.

आता बॉनेट उघडत नसेल तर हँडल काय सांगते ते बघा. हँडल एकदम ढिले, काही ओढच नाही, तर वायर तुटली किंवा गोळी खाचेतून निसटली. हँडल दगडासारखे घट्ट, तर लॉक किंवा केबल गंजून धरली आहे. हँडल नेहमीसारखे येते, ओढही लागते, पण पुढे खट्ट असा आवाज होत नाही, तर बहुधा आउटर आपल्या क्लिपमधून सुटला आहे. अशा वेळी आपण वायर ओढतो आणि आउटरच सरकतो, लॉकपर्यंत काहीच पोचत नाही. केबिनच्या बाजूला सुटला असेल, तर डॅशबोर्डखाली आउटर एका हाताने जागेवर दाबून धरून दुसऱ्या हाताने हँडल ओढले की बॉनेट उघडते. पाच पैशांचा खर्च नाही.

हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. गाडी तापलेली असेल तर वीस-पंचवीस मिनिटे थांबा. विजेचा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक फिरतो, म्हणून जाळीतून बोटे घालू नका. आणि बॉनेट उघडले म्हणून लगेच रेडिएटरचे झाकण फिरवायला जाऊ नका, उकळते पाणी तोंडावर येते. हे आम्ही दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी कुणी तरी भाजून घेतो.

पहिला उपाय दोन माणसांचा. एकाने लॉकच्या बरोबर वर बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून खाली दाबायचे, दुसऱ्याने त्याच वेळी हँडल ओढून धरायचे, मग दाबणाऱ्याने हात सोडायचे. दाबल्याने खुंटीचा जिभलीवरचा ताण कमी होतो आणि अडलेले लॉक पुष्कळदा सुटते. जड हँडलवर एकट्याने जोर लावला तर वायर तुटते. त्या रात्री नेमके हेच झाले.

हँडलच मोडले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. हँडलचे प्लॅस्टिक वायरीच्या आधी जाते. वायरीचे टोक डॅशबोर्डखाली दिसत असेल तर ते ग्रिप पकडीत घट्ट धरून सरळ ओढा. वायर बोटाला किंवा तळहाताला गुंडाळू नका, कातडी कापते. टोक आउटरच्या आत गेले असेल तर आउटरचा चार बोटांचा तुकडा जपून कापा, आतली वायर मोकळी होईल, मग पकड लावा. कापताना उरलेला आउटर दुसऱ्या माणसाने धरून ठेवायचा, नाही तर तोच सरकेल. त्या रात्री ड्रायव्हरला एवढे माहीत असते, तर बॉनेट पाच मिनिटांत उघडले असते. वायर हँडलपाशीच तुटली होती. बाकीची केबल धड होती.

वायर पुढे लॉकजवळ तुटली असेल तर मात्र डोके चालवावे लागते. पुढच्या जाळीतून मोबाइलचा उजेड टाकून लॉक शोधा. लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा टोकाला आकडा केलेली जाड तार आत घालून, वायर जिभलीला ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला तिला सरकवायचे. ती बाजू कोणती हे ऐनवेळी कळत नाही, म्हणून आज तुमचे बॉनेट उघडते आहे तोवर लॉकचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. तार घालताना रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांना भोक पडू देऊ नका, आणि बॅटरी जवळ असेल तर तारेवर चिकटपट्टी गुंडाळा, नाही तर ठिणगी उडेल. जाळीतून जमले नाही तर जाळीचे स्क्रू काढा. तेही आतूनच असतील तर खालचा पत्रा सोडून खालून हात घाला. पण नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही. लाकडाचे ठोकळे किंवा स्टँड लावल्यावरच. पहार हा उपाय नव्हे. तिने बॉनेटचा पत्रा आणि खुंटी दोन्ही वाकतात, मग लॉक दुरुस्त झाले तरी बॉनेट नीट बसत नाही.

बॉनेट उघडले की ते टेकू लावून तसेच ठेवा. या साऱ्या कामात हीच गोष्ट लोक विसरतात. अर्धवट दुरुस्तीवर बॉनेट खाली आपटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी लॉक साफ करा. आपल्या भागात पाणंदीचा फुफाटा, बॉयलरची राख आणि बगॅसची भुकटी तिथे बसते आणि जुन्या ग्रीसमध्ये कालवली जाऊन लॉक चिखलाने लिंपल्यासारखे होते. डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन जिभली व स्प्रिंग मोकळी करा, कोरडी पुसा, मग नवे ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावा. जास्त लावले की जास्त धूळ बसते. जिभली बोटाने हलवली असता स्प्रिंगने झटक्यात परत आली पाहिजे.

मग केबल. तुमच्या गाडीची तयार केबल मिळत असेल तर तीच घ्या. न मिळाल्यास तात्पुरते सायकलच्या ब्रेकची वायर आणि स्क्रूने आवळायची गोळी यांवर भागते. लांबी पुरते का, ते आधी मोजून घ्या. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधा, म्हणजे केबल बाहेर येताना सुतळी तिच्या वाटेने आत जाईल, आणि त्याच सुतळीने नवी केबल ओढून घेता येईल. नाही तर केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याचे भोक शोधण्यात दिवस जातो. त्या भोकातले रबरी बूच परत बसवा, पत्र्याच्या धारेवर केबल घासली तर वर्षभरही टिकणार नाही. सायलेन्सरचा पाइप, पंखा आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून केबल दूर ठेवा. कुठेही काटकोनात वळवू नका. वायर आत घालताना तिच्यावर पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडा.

शेवटची जुळणी हलक्या हाताची आहे. हँडल पूर्ण आत असताना वायरीत किंचित ढिलेपणा, दोनेक मिलिमीटर, राहिला पाहिजे. वायर ताणून बांधली तर जिभली पुरती बंद होत नाही आणि खड्ड्यात आदळल्यावर बॉनेट सुटू शकते. जास्त ढिली ठेवली तर हँडल शेवटपर्यंत ओढूनही लॉक सुटत नाही. जुळणी झाली की बॉनेट उघडेच ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने जिभली दाबून बंद करा आणि केबिनमधून हँडल ओढा. असे दहा वेळा करा. दहाही वेळा खट्ट झाले तरच बॉनेट खाली घ्या. मग हँडल ओढून, सेफ्टी कॅचला हात न लावता बॉनेट वर उचलून पाहा. कॅचने ते धरले पाहिजे. धरत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. ‘दोन-दोन खटके कशाला’ म्हणून कॅच तारेने बांधून ठेवणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक सोय सांगतो. लॉकच्या जिभलीला एक वेगळी पातळ वायर बांधून तिचे टोक खालून हात पोचेल अशा जागी आणून ठेवावे. मुख्य केबल तुटली तर हिने बॉनेट उघडते. ही वायर पंख्याच्या वाटेत येता कामा नये, तिच्यावर ताण नको आणि टोक बाहेर लोंबता कामा नये, नाही तर बॅटरी चोरणाऱ्यांचीही सोय होईल. जागा घरातल्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसांना माहीत असू द्या.

हँडल नेहमीपेक्षा जड लागू लागले, दुसऱ्या ओढीला उघडू लागले किंवा आत जायला रेंगाळू लागले, तर त्याच आठवड्यात गाडी दाखवा. वायरीचा पीळ एकदम तुटत नाही, एकेक तार सुटत जाते आणि गोळीपाशी केसांसारखे बारीक काटे दिसायला लागतात. ते दिसले की केबल बदलायचीच.

आमच्या विभागात आता ऑइल बदलायला येणाऱ्या प्रत्येक गाडीचे बॉनेट लॉक साफ करून दिले जाते, आणि ‘जड’ असा शेरा लिहिणाऱ्याने काम झाल्याची सही त्याच ओळीत करायची, असा नियम केला आहे. त्या व्हॅनला नवी केबल बसवली, बॉनेटचा वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला, आणि खालची जास्तीची वायरही घातली. सभासदाने मजुरी विचारली, ती आम्ही घेतली नाही.

— वाहन विभाग