जुने नकाशे, नवे तंत्र आणि खानदेशचे पाणी

उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि या दोहोंमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असे खानदेशाचे स्थूल स्वरूप आहे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या दक्षिणेकडून, तर सुकी, मोर, अनेर या सातपुड्यातून येऊन तापीस मिळतात. नद्यांची नावे अशी अनेक असली तरी त्यांपैकी बहुतेकींची पात्रे पावसाळा सरताच कोरडी पडतात. रावेर व यावल भागातील केळीच्या बागा असोत, की साक्री व धुळे तालुक्यांतील कोरडवाहू शिवारे असोत, या प्रदेशाचे सारे अर्थकारण जमिनीखालील पाण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे 'पाणी कोठे अडवावे आणि कोठे जिरवावे' हा येथील विकासाचा पहिला प्रश्न ठरतो. या प्रश्नाच्या उत्तराचा प्रारंभ नकाशापासून होतो.

हा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाने तयार केलेला स्थलदर्शक नकाशा होय. जिल्हा कार्यालयांच्या कपाटांतून घडी घालून ठेवलेली ही पत्रके आज स्कॅनरच्या साहाय्याने संगणकात उतरविता येतात आणि भौगोलिक माहिती प्रणालीत उपग्रहाच्या चित्राबरोबर वापरता येतात. मात्र त्यासाठी एक संस्कार काटेकोरपणे करावा लागतो. तो म्हणजे नकाशाचे भूसंदर्भीकरण. हा संस्कार नीट न झाल्यास काय घडते आणि तो नीट झाल्यास काय साधते, याचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

अडीचशे वर्षांची परंपरा

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. हेच काम करीत असता १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही धुरा वाहिली. एव्हरेस्ट यांनी १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्याच्याच आधारे पुढे भारतातील स्थलदर्शक नकाशे तयार होत गेले.

आरंभीचे नकाशे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे होते. दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा एकास पन्नास हजार या प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर. डोंगरउतार तपकिरी समोच्च रेषांनी, वनक्षेत्र हिरव्या रंगाने, शेती पिवळ्या रंगाने, तर रस्ते व वस्त्या तांबड्या रंगाने दाखविल्या जातात. बारमाही पाण्याचे प्रवाह निळे व हंगामी नाले काळे असतात. विहिरी, तलाव, बंधारे यांना स्वतंत्र खुणा असतात. नाल्याच्या काठाशी छापलेला लहानसा आकडा काठाची उंची मीटरमध्ये सांगतो. पाणी अडविण्याची जागा शोधणाऱ्याच्या दृष्टीने एवढी माहिती एका कागदावर अन्यत्र क्वचितच आढळते.

पत्रकांचे क्रमांक

या नकाशांचे क्रमांक कसे पडतात हे समजले, की आपल्या गावाचे पत्रक शोधणे सोपे जाते. २० ते २४ अंश उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश या चौकटीस ४६ हा क्रमांक आहे. तिचे एकेका अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना इंग्रजी 'ए' पासून 'पी' पर्यंत अक्षरे दिलेली आहेत. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग होतात व त्यांना १ ते १६ क्रमांक मिळतात. अक्षरे व क्रमांक दोन्ही वायव्य कोपऱ्यापासून सुरू होऊन वरून खाली मोजले जातात.

यानुसार धुळे शहर ४६ एल/१३, शिरपूर ४६ के/१५, तर भुसावळ ४६ ओ/१६ या पत्रकात येते. जळगावची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. २१ अंश अक्षवृत्त या शहरातूनच जात असल्याने शहराचा उत्तर भाग ४६ ओ/१२ मध्ये आणि दक्षिण भाग ४६ पी/९ मध्ये मोडतो. कागदावर ही दोन पत्रके शेजारी ठेवून जुळविताना कडा नेमक्या मिळत नाहीत. भूसंदर्भीकरण झालेली पत्रके संगणकात आपोआप आपापल्या जागी बसतात आणि सलग नकाशा तयार होतो.

भूसंदर्भीकरण म्हणजे काय?

स्कॅन केलेला नकाशा हे संगणकाच्या दृष्टीने निव्वळ एक चित्र असते. त्यातील कोणता बिंदू पृथ्वीवर कोठे आहे, याची त्यास जाण नसते. ही जाण देणे म्हणजेच भूसंदर्भीकरण होय.

पहिली पायरी स्कॅनिंगची. पत्रक घडी नसलेले व सपाट असावे, कारण दमटपणाने कागद ताणतो आणि घडीपाशी रेषा सरकतात. एका इंचात तीनशे बिंदू या बेताने स्कॅन केल्यास एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशातील प्रत्येक बिंदू जमिनीवरील सुमारे सव्वाचार मीटर जागा व्यापतो. सामान्य कामासाठी ही सूक्ष्मता पुरेशी ठरते.

दुसरी पायरी नियंत्रण बिंदूंची. प्रत्येक पत्रकाच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. शिवाय दर पाच मिनिटांना रेषा आखलेल्या असल्याने त्यांचे सोळा छेदनबिंदू मिळतात. या बिंदूंवर एकेक करून खूण करावयाची आणि त्यांचे अक्षांश-रेखांश संगणकास सांगावयाचे. गणितास तीन बिंदू पुरेसे असले तरी केवळ तीनच घेतल्यास चूक लपून राहते. सर्व सोळा बिंदू घेतल्यास कोणता बिंदू किती चुकला हे संगणक आकड्यांत दाखवितो. चूक मोठी असल्यास त्या बिंदूची खूण पुन्हा तपासणे श्रेयस्कर असते.

तिसरी पायरी आधारपृष्ठाची. बहुतेक चुका येथेच होतात.

शंभर मीटरांचा फरक

जुनी पत्रके एव्हरेस्ट यांच्या गणितावर आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथील आरंभबिंदूवर आधारलेली आहेत. याउलट उपग्रहावरून स्थान सांगणारी जीपीएस यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ हे जागतिक आधारपृष्ठ वापरतात. पृथ्वी तीच असली तरी मोजण्याचा आरंभ वेगळा असल्याने एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत किंचित वेगळे येतात. खानदेशाच्या परिसरात हा फरक शंभर मीटरांच्या घरात जातो.

नकाशावर शंभर मीटर म्हणजे अवघे दोन मिलिमीटर होत. डोळ्यांना ते जाणवतही नाहीत. जमिनीवर मात्र तेवढ्या अंतरात नाला बदलतो, शेताचा मालक बदलतो, प्रसंगी गावाची शीवही बदलते. जुन्या पत्रकावरून ठरविलेली बंधाऱ्याची जागा आधारपृष्ठ न बदलता जीपीएस यंत्रात भरली, तर ते यंत्र नाल्याऐवजी एखाद्याच्या उभ्या पिकात नेऊन उभे करील. म्हणून पत्रकाचे अक्षांश-रेखांश प्रथम एव्हरेस्ट आधारपृष्ठाचे म्हणूनच नोंदवावेत आणि त्यानंतर संपूर्ण नकाशा डब्ल्यूजीएस-८४ मध्ये रूपांतरित करावा, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे.

काम बरोबर झाले की नाही, हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. तयार नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवून रेल्वेचा पूल, जुने देऊळ, रस्त्यांचा चौक अशा न हलणाऱ्या खुणा पाहाव्यात. सर्व खुणा एकाच दिशेस सारख्याच अंतराने सरकलेल्या दिसल्या, तर आधारपृष्ठाची चूक आहे असे समजावे. काही खुणा जुळल्या व काही इकडेतिकडे गेल्या, तर कागदाचा ताण किंवा नियंत्रण बिंदूंची चूक असते. नदीचा काठ मात्र तपासणीस घेऊ नये, कारण नदी स्वतःच जागा बदलते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार काढण्यात आलेली मुक्त मालिकेतील पत्रके मुळातच डब्ल्यूजीएस-८४ आधारपृष्ठावर आणि यूटीएम प्रक्षेपणावर आहेत. २०१७ मध्ये सर्वेक्षण विभागाने ती नागरिकांना संगणकावरून उतरवून घेण्याची सोय केली. या प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात खानदेश येतो. त्याचे ७५ अंशाचे मध्य रेखावृत्त अमळनेरच्या जवळून जाते. या रेषेस पूर्वेकडील अंतराचा आकडा पाच लाख मीटर मानलेला आहे. म्हणून धुळ्याचा आकडा पाच लाखांहून कमी आणि जळगावचा अधिक आला पाहिजे. तसे न झाल्यास कोठेतरी गफलत झाली आहे हे तत्काळ ओळखावे.

जुन्या पत्रकांचे मोल

उपग्रहाची ताजी चित्रे उपलब्ध असताना जुने नकाशे कशासाठी, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे उत्तर असे की, उपग्रह आजची जमीन दाखवितो, तर जुने पत्रक ती पूर्वी कशी होती हे सांगते. प्रत्येक पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असल्याने ते एका विशिष्ट काळाचे साक्षीदार ठरते.

भुसावळनजीक तापीवरील ४१ दरवाजांचे हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. तापी व पूर्णा यांचा चांगदेव येथील संगम ७६ अंश रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे धरणापूर्वीचे नदीपात्र पाहावयाचे झाल्यास ४६ ओ/१६ आणि ५५ सी/४ ही दोन पत्रके जोडावी लागतात. त्यांवर आजचे चित्र ठेवले, की मूळ पात्र कोठे होते, कोणती जमीन व कोणत्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि गाळाची बेटे कोठे साठली, हे एका दृष्टिक्षेपात कळते. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या व आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या भागातील अनेक गावठाणे उकाई व सरदार सरोवर या जलाशयांत बुडाली. त्यांच्या मूळ जागा आज अशा पत्रकांवरूनच दाखविता येतात.

पाण्याच्या नियोजनातही हाच उपयोग होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत दगडगोट्यांचा व वाळूचा जाड थर असलेला पट्टा आहे. डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यात शिरताच त्यांचे पाणी मुरू लागते व काही नाले पत्रकावरच मध्येच संपलेले दिसतात. नाला जेथे लुप्त होतो, तेथे भूजल भरण्याची नैसर्गिक वाट असते. तापी खोऱ्यातील महाकाय पुनर्भरण योजनेची कल्पनाही याच पट्ट्याच्या गुणधर्मावर उभी आहे. या योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत १० मे २०२५ रोजी सामंजस्य करार झाला.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून साखळी बंधाऱ्यांची कामे झाली. अशी कामे झालेल्या भागात नाल्याचे मूळ रूप जमिनीवर उरत नाही. जुन्या पत्रकातील नाला आणि आजचा नाला यांची तुलना केली, तरच काय बदलले याची नोंद राहते. मध्यंतरी नांगरटीत बुजलेले, शेतात सामावले गेलेले लहान नालेही अशाच तुलनेतून पुन्हा सापडतात. अतिवृष्टीत पाणी नेमके त्याच जुन्या वाटेने धावते, हे ग्रामस्थांच्या अनुभवाचे आहे.

मर्यादांचे भान

या नकाशांच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. स्थलदर्शक नकाशा हा जमिनीच्या मालकीचा पुरावा नव्हे. गटाची हद्द ठरविण्याचा अधिकार भूमि अभिलेख विभागाच्या मोजणीस आहे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर पंचवीस मीटर रुंद होते. तेव्हा बांधाचा वाद अशा पत्रकावरून सोडवू पाहणे गैर ठरेल. समोच्च रेषांतील अंतर सामान्यतः वीस मीटरांचे असल्याने दोन-तीन मीटर उंचीच्या बंधाऱ्याचा फुगवटा त्यांवरून काढता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जागेवर पातळी मोजावीच लागते. संगणकात नकाशा कितीही मोठा करून पाहिला तरी मूळ कागदातील अचूकता वाढत नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणूनच भूसंदर्भीकरण केलेल्या प्रत्येक नकाशासोबत पत्रकाचा क्रमांक, सर्वेक्षणाचे वर्ष, मूळ आधारपृष्ठ, वापरलेले नियंत्रण बिंदू आणि आढळलेली चूक यांची टिपणी जोडलेली असावी. अशा टिपणीविना तयार केलेला नकाशा दिसावयास देखणा असला तरी पुढील अधिकाऱ्यास तो विश्वासाने वापरता येत नाही.

भूगोलाचे विद्यार्थी, कृषी व जलसंधारण खात्यांचे कर्मचारी आणि ग्रामपंचायती यांनी आपापल्या परिसराच्या एका पत्रकापासून या कामास आरंभ करता येईल. पत्रकावरील नाल्यांची व विहिरींची यादी करून ती जुन्याजाणत्या शेतकऱ्यांसमवेत शिवारात फिरून पडताळल्यास गावाच्या पाण्याचा विश्वसनीय आलेख हाती येईल. नकाशावरील नाला आणि शिवारातील नाला जेव्हा एकाच जागी येतील, तेव्हाच त्यावर बांधलेल्या बंधाऱ्यात पाणी साठेल.