क्यूच्या टोकाचे कातडे निघाले तर



आमच्या वर्गातला एक मुलगा सुटीत मामाकडे सौंसरला गेला होता. तेथे पूल खेळताना क्यूच्या टोकाचे कातडे निघून पडले. काठीच मोडली असे समजून, भीतीने त्याने ती गुपचूप कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या मुलाने तीच उचलली आणि उघड्या टोकाने टेबलाचे हिरवे कापड फाटले. कातडे बदलायला थोडाच खर्च येतो, कापड मात्र महाग पडते. म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

पूल हा शब्द काही पालकांना रुचत नाही. पण याच कुळातला स्नूकर आपल्याच राज्यात, जबलपूरला, १८७५ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांमध्ये सुरू झाला. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्‌सचे हौशी विश्वविजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

पूर्वी काठीचे टोक नुसते लाकडीच असे. त्यावर कातडे बसवण्याचे श्रेय फ्रान्सच्या मँगो नावाच्या सैनिकाला देतात (आंब्याशी संबंध नाही!). कातडे आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या जवळजवळ हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्यात घर्षण पुरले नाही, तर टोक चेंडूवरून सटकते. कातडे खडूची पूड धरून ठेवते, म्हणून पकड मिळते. तरीही चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून लांब मारले, तर चांगले कातडेही सटकते. तेव्हा प्रत्येक वेळी दोष क्यूला देऊ नये!

कातडे गुळगुळीत होऊन चकाकत असेल, तर बारीक पॉलिश पेपरने हलके खरवडावे. कडा अळंबीसारख्या बाहेर आल्या असतील, तर तेवढ्याच छाटाव्यात. थर सुटले असतील, किंवा जाडी दीड-दोन मिलिमीटरच उरली असेल, तर नवे कातडे लावावे.

ते कसे लावायचे, हे आम्ही बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून शिकलो. ते म्हणाले, "गुरुजी, चिकटवण्यापेक्षा साफ करण्यात जास्त वेळ द्या." जुना डिंक पूर्ण खरवडायचा. काठीचे टोक सपाट हवे, तिरपे राहिले की सगळे फुकट. नव्या कातड्याची खालची बाजू पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करायची. मग दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे. येथेच मुलांचा धीर सुटतो. ओले असतानाच दाबले, तर कातडे सरकते. नंतर बरोबर मध्यावर ठेवून जोरात दाबायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काठी उलटी करून कातडे लाकडी पाटावर टेकवावे आणि बाहेर आलेली कड धारदार पात्याने छाटावी. हे काम मोठ्यांनीच करावे. शेवटी वरचा भाग पॉलिश पेपरने गोलसर करावा. रुपयाचे नाणे उभे धरून त्याच्या कडेशी ताडून पाहिले, की गोलाई कळते. खडू लावताना मात्र तो टोकावर गरगर फिरवू नये, हलका पुसत जावा.

त्या मुलाने मामाला फोन करून सगळे सांगितले. नवे कातडे आता तोच बसवणार आहे.