वॉट, युनिट आणि आपला दिवा

तारेच्या जुन्या बल्बजवळ हात नेला की धग लागते. बल्बने घेतलेल्या विजेपैकी शेकडा ९० हून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. एलईडीत मात्र अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा थेट प्रकाशरूपाने देतात. त्यामुळे ६० वॉटच्या बल्बचे काम ९ वॉटची एलईडी करते. हे दिवे स्वस्तात देण्यासाठी ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली योजना पुढे 'उजाला' म्हणून ओळखली गेली.

आता गणित करू. दिवा रोज ५ तास, ३० दिवस लावला, तर :

बल्ब : ६० × ५ × ३० ÷ १००० = ९ युनिट
एलईडी : ९ × ५ × ३० ÷ १००० = १.३५ युनिट

बचत ७.६५ युनिट. तिला घरच्या बिलावरील दराने गुणा.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीच्या एखाद्या पाड्यावर दिवा सौर बॅटरीवर लागत असेल, तर प्रश्न बिलाचा नसून अभ्यासाचा असतो. समजा, बॅटरी १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे २४० वॉट-तास. ती निम्मीच वापरावी, तर हाती १२० वॉट-तास उरतात. त्यांवर बल्ब २ तास चालेल, एलईडी १३ तास! पावसाळ्यात दोन दिवस ऊन पडले नाही, तरी दोन्ही रात्री पुस्तक उघडता येईल.

आज घरातील प्रत्येक दिव्यावरचे वॉट वाचा आणि हेच गणित वहीत मांडा.