बुलेटला कोणती व्हॉल्व्ह स्प्रिंग घालावी?

प्रश्न : माझ्याकडे २०१३ची क्लासिक ५०० आहे. मागच्या वर्षी तिला जास्त लिफ्टचे कॅम बसवले. गाडी खालून झकास उचलते, पण गिअर लांब ओढला की हेडमधून खडखड येते आणि दम एकदम तुटतो. ॲक्सिलरेटर सोडून थोडं थांबलं की पुन्हा नीट चालते. गॅरेजवाले म्हणतात, 'मिळेल ती सगळ्यात कडक स्प्रिंग टाका.' रोलर टॅपेटच्या इंजिनाला स्प्रिंग निवडायची कशी?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : 'थोडं थांबलं की पुन्हा नीट' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळं निदान त्यातच आहे. ईसीयू जेव्हा ठरलेल्या आरपीएमला इंजिन तोडतो, तेव्हा आरपीएम जरा उतरले की इंजिन लगेच पुन्हा ओढू लागतं. तुमच्या गाडीला वेळ लागतोय. म्हणजे बहुतेक व्हॉल्व्ह तरंगतोय आणि त्यामागोमाग हायड्रॉलिक टॅपेट फुगतोय.

हे आत कसं घडतं ते पाहू. कॅम टॅपेटला वर ढकलतो, पण खाली आणत नाही. कॅमचं टोक ओलांडलं की व्हॉल्व्ह, रिटेनर, रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट या सगळ्यांना उतारावर कॅमला चिकटवून ठेवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. वेग वाढला आणि स्प्रिंग कमी पडली की रोलर कॅमपासून सुटतो. हायड्रॉलिक टॅपेटचा धर्मच असा, की फट दिसली की ती तेलाने भरून काढायची. तो ही फटही भरतो. मग व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, दम तुटतो. ते जादाचं तेल झिरपून जायला लागतो तेवढा वेळ तुम्हाला थांबावं लागतं. खडखड आहे ती सुटलेला रोलर कॅमवर परत आदळण्याची. कृपा करून अशी गाडी ओढत राहू नका. रोलरच्या आतलं नीडल बेअरिंग फुटलं तर त्याच्या सुया तेलातून कुठवर जातील याचा नेम नाही.

स्प्रिंग बदलायला हवी, इथवर गॅरेजवाल्यांशी मी सहमत आहे. 'सगळ्यात कडक' हे मात्र पटत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ मिस्त्रींचा हात शेतातल्या डिझेल इंजिनांवर बसलेला असतो. पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग ही मांडणी तिथेही हीच, पण ते इंजिन १५०० आरपीएमला चालतं. व्हॉल्व्ह सेकंदाला साडेबारा वेळा उघडतो आणि स्प्रिंग थोडी इकडेतिकडे असली तरी खपून जाते. तुमच्या गाडीत ५५०० आरपीएमला तोच व्हॉल्व्ह सेकंदाला जवळजवळ ४६ वेळा उघडतो, आणि एकदा उघडून मिटायला त्याला सात-आठ मिलिसेकंदच मिळतात. शिवाय हलणाऱ्या वजनाचा झटका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५०००चे ६००० आरपीएम केले तर वेग २० टक्के वाढतो, झटका ४४ टक्के.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये टॅपेट सपाट तळाचे होते. २००८–०९पासून आलेल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात, म्हणजे तुमच्याही इंजिनात, हायड्रॉलिक रोलर टॅपेट आले. सपाट टॅपेट कॅमवर घासत जातो, म्हणून त्याला जास्त दाब सोसत नाही, कॅम झिजतो. रोलर फिरतो, त्यामुळे दाब सोसतो आणि कॅमचा चढही जास्त उभा ठेवता येतो. पण उभ्या चढावर व्हॉल्व्हला बसणारा धक्का मोठा, आणि रोलर टॅपेट स्वतःही वजनदार. म्हणून रोलरला स्प्रिंग थोडी जड लागते. अमेरिकी पुशरॉड व्ही-८ इंजिनांत हा फरक स्पष्ट दिसतो. फोर्डने १९८५च्या मस्टँगला रोलर टॅपेट दिले, तेव्हापासून ही विद्या तिथे घरोघरी पोचली. त्या इंजिनांना व्हॉल्व्ह मिटलेला असताना सपाट हायड्रॉलिक टॅपेटसाठी साधारण ४५ ते ५० किलो दाब ठेवतात, हायड्रॉलिक रोलरसाठी ५५ ते ६५, आणि शर्यतीच्या सॉलिड रोलरसाठी ९०च्या पुढे. हे आकडे बुलेटला उचलून लावायचे नाहीत. तिचे व्हॉल्व्ह, रॉकर, कॅम सगळंच वेगळं.

तुमचा आकडा कॅम बनवणाऱ्याने द्यायला हवा. मिटलेल्या व्हॉल्व्हवरचा दाब, पूर्ण उघडल्यावरचा दाब, आणि हे दोन्ही कोणत्या उंचीला मोजले, एवढं त्याला विचारा. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून कॅम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब सोपा आहे. उदाहरणापुरतं समजा, बसवलेल्या उंचीला स्प्रिंगचा दाब ३० किलो आहे आणि दर मिलिमीटरला ती ३ किलो वाढते. लिफ्ट ९ मिलिमीटर असेल तर उघडल्यावर ५७ किलो.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ड्रिल मशीनच्या टेबलावर साधा डिजिटल वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग, आणि चकमध्ये सपाट टोकाचा दांडा धरून मशीन बंद ठेवूनच तिला हव्या त्या उंचीपर्यंत दाबा. उंची व्हर्निअरवर, दाब काट्यावर. नव्या स्प्रिंगासुद्धा एकेक करून मोजा. बसवलेली उंची मात्र तुमच्या हेडवरच घ्यायची : स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह, रिटेनर आणि लॉक बसवायचे, रिटेनर वर ओढून धरायचा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. सीट कापून घेतली असेल तर व्हॉल्व्ह आत बसतो, ही उंची वाढते आणि नवी स्प्रिंगही ढिली पडते. तेवढ्या जाडीचे शिम खाली घातले की दाब परत मिळतो. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. एक ते दीड मिलिमीटर मोकळीक हवी. तेवढीच रिटेनर आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमध्ये. कॅम जास्त लिफ्टचे आहेत, तेव्हा व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतरही पाहून घ्या. कॅम जुनेच घासून बनवलेले असतील तर त्यांचा मूळ गोल लहान झालेला असतो आणि पुशरॉड आखूड पडू शकतो.

गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली तर हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल दाबाखाली झिरपतं आणि विकत घेतलेली लिफ्टच कमी होते. पुशरॉड वाकून उसळतो, रॉकर आणि सीट लवकर झिजतात. त्यापेक्षा व्हॉल्व्हकडचं वजन कमी करणं कधीही चांगलं. वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग मिळाली तर तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो, शिवाय ती एका ठरावीक कंपनात सहज सापडत नाही. पुशरॉडच्या बाबतीत मात्र थोडं वजन वाढलं तरी ताठपणाच निवडा. तो रॉकरच्या कॅमकडच्या बाजूला असतो, तिथलं वजन कमी नडतं.

क्लासिकला आरपीएम मीटर नसतो, म्हणून खर्च करण्याआधी एक बसवा आणि दम नेमका कुठे तुटतो ते लिहून ठेवा. तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. कंपनीची २७.२ बीएचपी ताकद ५२५० आरपीएमला मिळते, आणि ६५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर होतो. नांदेड रस्त्यावर ओव्हरटेक करायला ५८०० पुष्कळ झाले. स्प्रिंग तेवढ्याच हिशोबाने घ्या, ६५००च्या नाही.

काम झाल्यावर पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला आणि जुनं तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळा. त्यात बारीक सुईसारखा चकाकता तुकडा दिसला, तर टायमिंग कव्हर उघडून दोन्ही रोलर हाताने फिरवून बघितल्याशिवाय गाडी चालू करू नका.