विषाद आला तर जायचे कोठे? काशीतील तरुण साधकांसाठी स्वाध्याय



या आठवड्याच्या स्वाध्यायासाठी गीतेचा पहिला अध्याय आणि दुसऱ्या अध्यायातील पहिले अकरा श्लोक वाचून यावेत, ही विनंती. पहिल्या अध्यायाला आपण बहुतेक वेळा प्रस्तावना समजतो आणि पुढे जातो. पण त्याचे नाव अर्जुनविषादयोग आहे. विषादालाही तेथे योगाचा दर्जा मिळाला आहे.

अर्जुन स्वतःविषयी काय सांगतो ते पाहा. गात्रे गळली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, त्वचेची आग होते आहे, गांडीव हातातून निसटते आहे, उभे राहवत नाही. यातले जवळजवळ सारे शरीराचे वर्णन आहे. अर्जुनाला आजार होता असा याचा अर्थ मी काढत नाही. तो रणांगणावर, एका प्रसंगात सापडला होता. पण मनाचे दुःख शरीरात कसे उतरते, हे त्या काही श्लोकांत स्पष्ट दिसते.

आता भगवंतांकडे या. पहिल्या अध्यायात ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत, ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते अर्जुनाला खडसावतात की हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ. अर्जुन उठला का? नाही. सातव्या श्लोकात त्याने सरळ मदत मागितली, मी आपला शिष्य आहे, मला मार्ग सांगा म्हणाला, आणि नवव्या श्लोकात मी लढणार नाही असे सांगून गप्प बसला. खरा उपदेश अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. खडसावून काम झाले असते तर पुढचे सारे अध्याय लागलेच नसते.

आपल्या सत्संगात मात्र आपण पुष्कळदा त्या खडसावण्यापाशीच थांबतो. एखादा तरुण साधक सांगतो की मन लागत नाही, झोप येत नाही, जगण्यात काही राम वाटत नाही. आपण म्हणतो, जप वाढव, पहाटे ऊठ, सेवेला ये, सगळे ठीक होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ज्याला पहाटे उठताच येत नाही, त्याच्या खांद्यावर मात्र त्यामुळे आणखी एका अपराधाचे ओझे येते.

हे मी ऐकीव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना काशीत एका भाड्याच्या खोलीत मी राहत होते. तेव्हाही या संकेतस्थळासाठी भाषांतराची सेवा करीत होते. आनंद कसा टिकवावा, या विषयावरचा एक लेख माझ्याकडे आला. मी त्यातले एक वाक्य मराठीत आणायला दोन दिवस घेतले, कारण पडद्यासमोर बसले की रडू यायचे. हे कोणाला सांगितले तर आपली श्रद्धाच कमी पडली असे ठरेल, ही भीती होती. शेवटी केंद्रातील एका काकूंनी माझे सुकलेले तोंड पाहून विचारले, "बाळा, जेवलीस कधी?" त्या एका प्रश्नावर सगळे बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्याच मला रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेल्या. पुढची सारी माहिती त्या दिवसापासून गोळा होत गेली आहे.

वैराग्य की आजार?

साधकांना हा प्रश्न हमखास पडतो, आणि काशीसारख्या ठिकाणी तर जास्तच. येथे मणिकर्णिकेवर चिता विझत नाही, मृत्यूबद्दल लोक सहज बोलतात, संसार मिथ्या आहे हे चहाच्या टपरीवरही ऐकू येते. अशा वातावरणात मनाचा आजार वैराग्याचे वस्त्र पांघरून बसू शकतो, आणि घरचेही कौतुकाने म्हणतात, पोरगी फार शांत झाली.

माझ्या अल्प समजुतीप्रमाणे फरक असा आहे. वैराग्यात वस्तूंची ओढ कमी होते, पण माणसांबद्दलचा जिव्हाळा आणि कामाचा उत्साह राहतो. नैराश्यात आधी आवडणाऱ्या गोष्टींची चव जाते, त्यात भजनही आले. झोप बिघडते किंवा दिवसभर झोपच येते. भूक बदलते. लक्ष लागत नाही. थकवा जात नाही. आपण निरुपयोगी आहोत, आपले सगळे चुकले, असे विचार फिरून फिरून येतात. कधी जगणेच नको असे वाटते. ही अवस्था दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे राहिली, अभ्यास, नोकरी किंवा घरातले वागणे बिघडू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टरही बहुधा दोन आठवड्यांचाच हिशोब विचारतात. थायरॉइडचा दोष किंवा रक्ताची कमतरता असली तरी असेच वाटू शकते, म्हणून ते कधी रक्ततपासणीही सांगतात.

आपण एकटेच असे आहोत असेही समजू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशात साधारण २० जणांमागे एकाला नैराश्य असल्याचे आढळले. त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते.

काशीत कोठे जावे

खासगी डॉक्टरांकडे एका भेटीचे काहीशे रुपये आणि समुपदेशनाच्या एका बैठकीचे त्याहून जास्त लागतात. बैठका तर दर आठवड्याला. विद्यार्थ्याला हे परवडत नाही, आणि पैशांचे कारण पुढे करून आपण जाणेच टाळतो. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही. काशीत तरी हा हिशोब आपण समजतो तितका वाईट नाही.

काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात सर सुंदरलाल रुग्णालय आहे. लंकेवरच्या सिंहद्वारातून आत गेले की कोणीही रस्ता दाखवते. तेथे मनोविकार विभाग आहे, बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क नाममात्र आहे, आणि उपचारासाठी विद्यापीठाचे विद्यार्थी असण्याची अट नाही. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधून रुग्ण येतात, म्हणून गर्दी फार. पहाटेच्या ध्यानानंतर थेट निघालात तर बरे. आयुर्वेदाचा विभागही त्याच संस्थेत आहे. पण दोन्हीकडची औषधे एकाच वेळी घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना ते सांगा.

गोदौलियाच्या बाजूला राहणाऱ्यांना कबीरचौऱ्याचे शिवप्रसाद गुप्त मंडलीय रुग्णालय जवळ पडते. ज्यांचे नाव या रुग्णालयाला आहे त्याच शिवप्रसाद गुप्तांनी १९२० मध्ये 'आज' हे दैनिक सुरू केले. त्याचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ. (येथे मराठी माणूस परका नाही, एवढेच सांगायचे आहे.) वरुणेपलीकडे पांडेयपूरला पंडित दीनदयाळ उपाध्याय जिल्हा रुग्णालय आहे. उत्तर प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत केस पेपरला पर्चा म्हणतात, आणि एक रुपयाचा पर्चा ही तेथली जुनी ओळख आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अशा रुग्णालयांत 'मन कक्ष' नावाची खोली असते. पर्चाच्या खिडकीवर "मन कक्ष कहाँ है?" एवढे विचारले तरी पुरते. जास्त काही सांगावे लागत नाही.

पांडेयपूरलाच राज्याचे मानसिक चिकित्सालय आहे, १८०९ पासूनचे. आग्रा आणि बरेली येथील रुग्णालयांसह ते उत्तर प्रदेशातील तीन जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. नाव ऐकून लोक दचकतात. काशीत 'पांडेयपूरला पाठवा' ही थट्टा होते, जशी आपल्याकडे ठाणे किंवा येरवड्याच्या नावाने होते. ही थट्टा किती जणांना उपचारापासून अडवते याचा आपण विचार करावा. मन कक्षात किंवा बाह्यरुग्ण विभागात दाखवणे म्हणजे दाखल होणे नव्हे. तपासून, औषध लिहून माणसाला घरी पाठवतात.

औषधे जनऔषधी केंद्रातून घेतली तर ब्रँडच्या गोळ्यांच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात, मात्र चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा. आयुष्मान कार्ड असले तरी ते रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, बाह्यरुग्ण तपासणीला नाही. त्यावर विसंबून घरी बसू नका.

घरबसल्या आणि मराठीत

हिंदीत सगळे बोलता येते असे आपल्याला वाटते. डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा येतो', 'कशातच मन रमत नाही' यांना हिंदी शब्द सापडत नाहीत, आणि आपण 'बस, ठीक नहीं लगता' म्हणून मोकळे होतो. मी कागदावर मराठीत लिहून नेले होते आणि काकूंनी ते हिंदीत सांगितले.

ज्यांना आधी फोनवरच बोलायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. प्रथम समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. नाव सांगायचा संकोच असेल तर तसे म्हणा. महाराष्ट्रातील साधकांनाही हाच क्रमांक. शिवाय ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि त्यांचे बाह्यरुग्ण विभाग सर्वांसाठी आहेत.

आपण अठरा वर्षांचे झालो असू तर बाह्यरुग्ण विभागात दाखवायला आई-वडिलांची सही लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला आहे, आणि आजाराची माहिती गुप्त राहणे हाही. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी सेवेत मोफत उपचार मिळावेत असेही त्यात आहे. घरी कळेल या भीतीने थांबलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

औषध आणि साधना

गोळी घेतली तर ध्यान खरे राहणार नाही, असा एक समज आपल्यात आहे. मीही पहिली गोळी हातात घेऊन तासभर बसून होते. मधुमेही साधक इन्सुलिन घेऊन ध्यानाला बसतात, त्यांना हे कोणी विचारत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ, झोपेतला बदल असा त्रास पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतो. म्हणून पुष्कळ जण दहा दिवसांत सोडून देतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतात. बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवतात, आणि थांबवायचे तेही हळूहळू, त्यांच्याच सल्ल्याने. शिबिराला येताना गोळ्या घरी ठेवून येऊ नका. सौम्य आजारात कधी गोळ्यांशिवाय, नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही काम होते. तो निर्णय तपासणाऱ्यांचा.

या काळात दीर्घ मौन आणि कडक उपवास टाळावेत असे मला वाटते. एकांतात तेच विचार जास्त फिरतात. जप पाच मिनिटे झाला तर पाच मिनिटे. अस्सीवर चार पावले चालून आलात तरी तो दिवस वाया गेला नाही.

जीव नको असे विचार येत असतील तर हा लेख येथेच बाजूला ठेवा आणि आत्ताच कोणा एकाला सांगा. रात्र असली तरी १४४१६ लावा, धोका जवळचा वाटला तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ज्याला कोणी हे सांगेल त्याने उपदेश करू नये, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि सोबत जावे. असे विचार येतात का, हे थेट विचारल्याने ते वाढत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. कायदाही आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे मानतो आणि शिक्षेपेक्षा उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो.

या आठवड्याचा अभ्यास

दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या श्लोकापासून अकराव्या श्लोकापर्यंत पुन्हा वाचा, आणि आपण शेवटचे कोणाला खडसावले ते वहीत लिहा. त्या व्यक्तीला फोन करायचा का, हे आपणच ठरवा.

दुसरे काम पायाने करायचे आहे. प्रत्येक केंद्रातील दोघांनी आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन मनोविकार विभाग कोणत्या दिवशी, किती वाजता चालतो, पर्चा कोणत्या खिडकीवर मिळतो आणि सर्वांत जवळचे जनऔषधी केंद्र कोठे आहे, हे विचारून यावे. मिळालेली माहिती आणि १४४१६ हा क्रमांक केंद्राच्या फलकावर, चपला काढतो त्या जागेजवळ लावावा. तेथे उभे राहून वाचले तर कोणाच्या लक्षात येत नाही.