तांब्या, पाट आणि पत्र्याचे छप्पर

थंडीचे दिवस आहेत असे समजा. पहाटे तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. तेथे एक लाकडी पाट आहे आणि शेजारी पितळेचा रिकामा तांब्या. एक हात पाटावर ठेवा, दुसरा तांब्याला लावा. अधिक थंड काय? 'तांब्या!' असे तुम्ही चटकन म्हणाल.

आता शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापी घ्या. (ताप मोजण्याची तापमापी येथे चालणार नाही; तिच्यावरील खुणा ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात.) तिचा फुगा आधी पाटाला व नंतर तांब्याला टेकवा, वरून कापडाची घडी ठेवा आणि पाच-पाच मिनिटांनी वाचन घ्या. दोन्ही वेळा तापमान जवळजवळ सारखेच भरेल! रात्रभर एका खोलीत राहिलेल्या वस्तू त्या खोलीच्याच तापमानाला येतात.

मग आपला हात खोटे सांगतो काय? नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. आपल्या तळहाताचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असते. खोलीतील वस्तू १५ अंशांवर असतील, तर उष्णता हाताकडून वस्तूकडे वाहू लागते. पितळ हे उष्णतेचे सुवाहक. हाताने दिलेली उष्णता ते लगेच दूरवर पसरवते व आणखी घेत राहते. लाकूड दुर्वाहक आहे. हाताखालची तेवढीच जागा कोमट होते आणि उष्णतेचा ओघ मंदावतो. म्हणजे हात वस्तूचे तापमान सांगत नाही. 'माझी उष्णता किती वेगाने चालली आहे' हे सांगतो.

याचा पडताळा पाहायचा आहे? बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक लोखंडी तव्यावर ठेवा, दुसरा पाटावर. कोणता आधी वितळेल? हाताला गार लागणाऱ्या तव्यावर बर्फ जास्त टिकेल, असे पुष्कळांना वाटते. करून पाहा. तव्यावरचा खडा आधी वितळतो! तवा खोलीतील उष्णता बर्फाकडे भराभर पोचवतो, पाट ती अडवून धरतो.

परंतु उष्णता किती वेगाने वाहते, एवढे कळून भागत नाही. दुसराही एक प्रश्न विचारावा लागतो : पदार्थाचे तापमान वाढण्यासाठी त्याला किती उष्णता द्यावी लागते? स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास याचा अभ्यास केला. सारख्याच वजनाच्या निरनिराळ्या पदार्थांना सारखीच उष्णता दिली, तरी ते सारखे तापत नाहीत, असे त्यांना दिसून आले. १ किलो पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने १ किलो लोखंड सुमारे ९ अंशांनी तापते आणि १ किलो शिसे तर सुमारे ३२ अंशांनी! पदार्थाच्या या गुणाला 'विशिष्ट उष्मा' म्हणतात. पाण्याचा विशिष्ट उष्मा १ धरला, तर लोखंडाचा ०.११ आणि कोरड्या मातीचा सुमारे ०.२ येतो.

आता हे दोन्ही प्रश्न घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडू व घराच्या छपराकडे पाहू. सोलापूर आणि मराठवाडा या भागांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घालून केलेली माळवदाची घरे होती. काही गावांत ती अजूनही उभी आहेत. इतर बहुतेक घरांवर मात्र आता पत्रे किंवा स्लॅब आले आहेत. जरा हिशेब करू.

अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा १ चौरस मीटर तुकडा जवळजवळ ४ किलो भरतो. तो १ अंशाने तापायला ४ × ०.११, म्हणजे सुमारे ०.४४ किलोकॅलरी पुरते. माळवदावरील ३० सेंटिमीटर जाडीच्या मातीचे वजन तेवढ्याच जागेत सुमारे ४५० किलो होते. तिला ४५० × ०.२, म्हणजे ९० किलोकॅलरी लागतात. जवळजवळ दोनशे पट! शिवाय माती दुर्वाहक. म्हणून दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत सूर्य मावळायला आलेला असतो. पत्रा मात्र पाहता पाहता तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णतेची प्रारणे सोडू लागतो.

पत्र्याची एक बाजू चांगलीही आहे. तो जसा लवकर तापतो, तसाच सूर्यास्तानंतर लवकर निवतो. माळवद साठवलेली उष्णता रात्री सावकाश परत करते.

ज्यांचे घर किंवा शाळा पत्र्याची आहे, त्यांनी मे महिन्यात काय करावे? उन्हाच्या तडाख्याने माणसे दगावतातही, तेव्हा हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. पत्र्याला वरून चुन्याची पांढरी सफेदी दिली, तर पुष्कळसे ऊन परत फेकले जाते. पत्र्याच्या खाली काही अंतरावर चटयांचे छत बांधले, तर प्रारणे अडतात आणि मधल्या हवेचाही फायदा मिळतो, कारण हवा लाकडाहूनही मंद वाहक आहे. कोंबड्यांच्या पत्र्याच्या खुराड्यावर शेतकरी उसाचे पाचट पसरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र चूल किंवा ठिणगी जवळ असेल तेथे पाचट वापरू नये. छपरावर चढण्याचे काम मोठ्यांवरच सोपवा.

आता थोडे डोके चालवा :

१. स्टीलच्या काही पातेल्यांच्या बुडाला तांबे का लावतात?

२. पाट आणि तांब्या दोन्ही तळहाताइतक्याच, म्हणजे ३३ अंश तापमानाचे असतील, तर डोळे मिटून स्पर्श केल्यावर अधिक गार काय लागेल?