घोटा मोडू नये म्हणून



लेस्टरमध्ये वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाची रंगवलेली अख्खी फौज स्वस्तात पदरात पडली आणि आता त्या शिपायांच्या पायाखालचे गोल बेस काढून चौकोनी लावायचं घाटतंय, असं ताईकडून कळलं. सुरी हातात घेण्याआधी हे पत्र पुरतं वाचावं, एवढीच मामाची विनंती.

हा उद्योग काही एकट्या भाच्याच्या नशिबी आलेला नाही. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या वॉरहॅमरमध्ये पायदळ चौकोनी बेसवर खांद्याला खांदा लावून उभं असायचं. माणसाला २० मिमी, ऑर्कला २५. २०१५ मध्ये त्याच्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आलं आणि सगळे गोल बेसवर गेले. २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ने चौकोन परत आणले, पण मापं वाढवून: माणसाला २५, ऑर्कला ३०. कंपनीने नियम बदलायचे आणि खेळणाऱ्यांनी पक्कड-कानस घेऊन बसायचं, असा हा कारभार.

कामाचं मर्म एकच आहे. हात चालवायचा तो बेसवर, फिगरवर कधीच नाही. २८ मिमीच्या फिगरचा घोटा जेमतेम दोन मिमी जाड. वरून धरून पिळली की घोटा मोडतो, नाहीतर भाला वाकून त्याच्यावरचा रंग टरफलासारखा उडतो. बेस स्वस्तातला, त्याचे तुकडे झाले तर झाले. कुणीतरी रात्री जागून डोळ्यांत बुबुळं रंगवली आहेत, ती पुन्हा मिळणार नाहीत.

म्हणून आधी निदान, बेसवर काय लावलंय त्याचं. बेसच्या कडेला, पायांपासून लांब, सुईचं टोक दाबून बघावं. वाळूखाली पांढुरका, चिवट थर लागला तर तो पीव्हीए, म्हणजे आपल्याकडच्या फेविकॉलचाच भाऊ. खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली तर भिंतीत भरतात ती लांबी. काचेसारखं कडक, कडकन तुटणारं काही असेल तर फेविक्विकच्या जातीचा सुपरग्लू. आणि एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी असेल, तर सुई नुसती घसरते.

पीव्हीए आणि लांबी पाण्याला वश होतात. मात्र फिगर बुडवायची नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा पाण्यात टाकला तर त्याचा चिखलच होईल; या फिगरवरचा वाळलेला अ‍ॅक्रिलिक रंग थोडं पाणी सोसतो, पण तासन्‌तास भिजला तर तोही मऊ पडून सोलून येतो. उथळ ताटलीत टिश्यू पेपरची घडी ठेवावी, त्यावर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. फिगर त्या घडीवर उभी करावी. पाणी बेसच्या कडेपर्यंतच, बुटांना लागता कामा नये. तासाभराने वाळू कडेकडून फुगू लागते, रंगाचा तपकिरी ओघळ टिश्यूत उतरतो. मग बोथट हत्याराने, टूथपिकने सुद्धा चालेल, बाहेरून आत यावं. बुटांशी पोचल्यावर खरवडणं बंद. तिथे ओल्या जुन्या ब्रशने घासत राहावं. हट्टी थराला पुन्हा तासभर भिजवावं. एमडीएफचा बेस असेल तर नशीबच म्हणायचं, कारण तो पाणी पिऊन फुगतो आणि त्याचे पापुद्रे आपसूक सुटतात.

सुपरग्लूची खोड निराळी. थंडीत तो ठिसूळ होतो. धातूची फिगर प्लास्टिकच्या बेसवर अशी चिकटवलेली असेल तर पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावी. बाहेर काढताच बेसची कड पक्कडीत धरून हलका झटका द्यावा. बहुतेकदा टक्‌ आवाज होऊन जोड सुटतो. नेलपेंट रिमूव्हरच्या वाटेला जाऊ नये. त्यातलं अ‍ॅसिटोन सुपरग्लू सोडवतं खरं, पण त्याबरोबर अ‍ॅक्रिलिक रंगही उतरवतं आणि पॉलिस्टायरीनचा बेस विरघळवून त्याचा चिकट गोळा करतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलही रंगाचा वैरीच. उकळत्या पाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्यावा. रेझिनची तलवार त्यात शेवयीगत वाकते.

खरी कसोटी प्लास्टिकवर प्लास्टिकची. ती बहुधा मॉडेल सिमेंटने जोडलेली असते, आणि तो साधा गोंद नव्हेच. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. तिथे ना पाणी चालतं, ना फ्रीझर. साइड कटरने बेसची कड चारी बाजूंनी कुरतडत यायचं, पायांभोवती बेसचं छोटंसं बेट राहू द्यायचं आणि मग बारीक पात्याच्या करवतीने बुटांखालून आडवं कापायचं. अर्धा मिमी प्लास्टिक तळव्याला राहिलं तरी राहू द्यावं, नव्या वाळूखाली ते झाकलं जातं. इपॉक्सी पुट्टीलाही हाच उपाय. कापताना फिगर अंगापाशी नव्हे, बेसपाशी धरायची आणि पातं स्वतःच्या बोटांपासून दूर ढकलायचं. ताई डॉक्टर आहे म्हणून टाके फुकट पडत नाहीत.

फौजेत जुन्या धातूच्या फिगर दिसल्या तर जपून. १९९०च्या दशकापर्यंतच्या कित्येक फिगरमध्ये कथलाबरोबर शिसं असायचं. त्यांना कोरडी कानस लावू नये, कचरा ओल्या फडक्याने पुसावा आणि चहाचा कप त्या टेबलावर आणू नये. रेझिन घासतानाही तोच नियम: ओलं घासावं आणि नाकातोंडाला मास्क असावा.

आणि मामाला विचारशील तर सगळ्या फौजेला हात लावायचं कारणच नाही. गोल बेस हव्या त्या चौकोनापेक्षा लहान असेल, तर त्याला चौकोनात बसवणारी गोल भोकाची चौकट विकत मिळते. माप जुळलं की नुसती चिकटवायची, वर वाळू, की शिवण दिसत नाही. लांबून ओळखू येत नाही आणि स्पर्धेत सहसा कुणी खाली वाकून बघत नाही. सेनापती आणि निशाणवाला तेवढे नीट सोडवून घ्यावेत. सुरुवात मात्र त्यांच्यापासून नको, मागच्या रांगेतल्या एखाद्या रंग उडालेल्या भालेकऱ्यापासून करावी. नव्या बेसला फिगर लावताना सुपरग्लूचा लहानसा थेंब आणि वाळूला पीव्हीए पुरे. सिमेंटची बाटली कपाटातच असू दे. ऑर्क घेतले असशील तर ३० मिमीचे बेस वेगळे मागव, २५च्या पाकिटात ते येत नाहीत.

तुझा,
मामा